एक्स्प्रेस एंट्री, नऊ महिने वापरून: सगळं ठीक, फक्त ते अनुभवाचं पत्र!

एक्स्प्रेस एंट्री म्हणजे कॅनडात कायम राहायला जाण्यासाठी गुणांवर चालणारी ऑनलाइन अर्जाची पद्धत. तिची बाकी माहिती, किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा जनरलच का द्यायची, हे इथे उगाळत नाही. पात्रतेचे १०० पैकी ६७ गुण भरले की काम झालं असं वाटत असेल तर एवढंच: ते फक्त उंबरा ओलांडण्यापुरते. अर्ज करायचं आमंत्रण येतं ते क्रमवारीच्या वेगळ्या गुणांवर (सीआरएस), म्हणजे १२०० पैकी किती पडले त्यावर.

अर्ज अडकतो कुठे? पोर्टलवर नाही, फीमध्येही नाही. अडकतो दोन ओळींच्या कागदावर.

आमच्या कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी सोडताना पत्र मिळतं ते ठरलेलं: 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामावर होते, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' कॅनडाला वर्तणुकीशी देणंघेणं नाही. त्यांना हवं लेटरहेड, कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तुम्ही सांभाळलेला प्रत्येक हुद्दा त्याच्या तारखांसह, त्यातली कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते. यातले तास हमखास राहतात. 'आठवड्याला ४८ तास' एवढं टायपायला शाई किती लागते? पण 'आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही' म्हणून कंपनीवाले परत पाठवतात. म्हणून मसुदा स्वतः टाईप करून पेन ड्राइव्हमध्येच न्या. साहेबांना फक्त लेटरहेड घालून सही-शिक्का करायचा राहिला पाहिजे.

कामांची यादी तर त्याहून नाजूक. एनओसी म्हणजे इथे ना हरकत दाखला नव्हे, कॅनडाची व्यवसायांची यादी. तिच्या पाच आकडी कोडातला दुसरा आकडा म्हणजे टीअर, कामाची पातळी. फेडरल स्किल्ड वर्कर या एक्स्प्रेस एंट्रीतल्या कुशल कामगारांच्या गटाला ० ते ३ चालतो. फौंड्रीतला सुपरवायझर ९२०१० मध्ये बसतो, म्हणजे टीअर २. पण हुद्दा 'सुपरवायझर' लिहून खाली कामं मात्र साचा भरणे, धातू ओतणे, कास्टिंग काढणे अशी लिहिली, तर तो माणूस ९४१०१ चा फौंड्री कामगार दिसतो. टीअर ४, अपात्र. हुद्दा नव्हे, कामं बघतात. पाळीचं नियोजन, माणसांना काम वाटून देणं, रिजेक्शनची नोंद, नव्यांना शिकवणं हे खरोखर केलं असेल तर तेच पुढे आलं पाहिजे. एनओसीचा मजकूर जसाच्या तसा उतरवू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

पगाराचा आकडा फॉर्म १६ आणि पीएफशी ताडून बघा. निम्मा पगार व्हाउचरवर घेतलेला असेल तर पत्रात फुगवलेली रक्कम कागदाला कागद लावताना उघडी पडते. कंपनी पत्रच देत नसेल तर नेमणूकपत्र, पगारपावत्या, पीएफ पासबुक, तेव्हाच्या वरिष्ठांचं प्रतिज्ञापत्र आणि पत्र का मिळालं नाही याचा खुलासा, असा गठ्ठा जोडावा लागतो.

मत बदललं ते डब्ल्यूईएसबद्दल, म्हणजे आपली पदवी कॅनडासाठी तपासून देणाऱ्या संस्थेबद्दल. सुरुवातीला वाटलं होतं खरा घोळ पदवीच्या मूल्यांकनात होणार. तसं नाही. शिवाजी विद्यापीठ गावातच, हेलपाटे कमी. फक्त गुणपत्रकावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी असेल, तर अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच घाला. मूल्यांकनाचा अहवाल ५ वर्षं चालतो, आयईएलटीएसचा निकाल मात्र २ वर्षंच.

तिथे बस्तान बसवायला दाखवायच्या पैशांचं थोडक्यात: शेत, घर, सोनं मोजत नाहीत, कर्जाऊ रक्कमही नाही. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक असते. त्यामुळे ऊसबिल एकदम जमा झालं असेल तर साखर कारखान्याची बिलपावती जोडा. भिशीच्या रकमेला तर असा कागदच नसतो.

एजंटबद्दल एकच. २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे सीआरएस गुण बंद झालेत. अजूनही 'गुण वाढवणारं ऑफर लेटर' विकणारा भेटला तर चहा पिऊन उठा. अर्ज स्वतः भरता येतो. एप्रिल २०२४ च्या वाढीनंतर सरकारी फी १५२५ कॅनेडियन डॉलर होती, बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. वर एजंटला कशाला?

२१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्जाआधीच लागते, तीही कॅनडा सरकारच्या पॅनेलवरच्याच डॉक्टरकडून. आमंत्रणानंतर हातात ६० दिवस. त्यात पोलिस दाखला आणि बँकेचं पत्र बसतं. जुन्या कंपनीचं पत्र बसत नाही. ते राजीनामा द्यायच्या आधी, हिशेब पूर्ण व्हायच्या आत घ्या. नंतर एचआरचा फोन लागत नाही.

पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो कॅनडाचा नाही, लेटरहेडवाल्यांचा.