नैनीतालचे 'बारा पॉइंट': पैसे देण्याआधी हे वाचा

तल्लीतालच्या, म्हणजे तलावाच्या खालच्या टोकाच्या, बसस्टँडवर लॅमिनेट केलेलं कार्ड नाचवत कुणी "सर, बारा पॉइंट, फुल डे" म्हणत मागे लागलं, तर आधी ते कार्ड नीट वाचा. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे आम्हाला गाडी करणं भागच होतं. साडेतीन हजार रोख, तेही सगळे आगाऊ मोजून घेतले. पावती मागितली तर "सर, भरोसा रखिए".

मंदिर, भोटिया बाजार, फ्लॅट्स हे कार्डावर तीन वेगळे पॉइंट. प्रत्यक्षात नैनादेवीचं देऊळ, त्याला लागून बाजार आणि शेजारी मैदान. मॉल रोडवरून चालत जाता येतं. (१८८० च्या ज्या दरडीत १५१ माणसं गेली, तिच्याच ढिगाऱ्याने हे मैदान पसरलं, पण असलं काही ड्रायव्हरच्या तोंडून येणार नाही.)

कालाढुंगी रस्त्यावर लव्हर्स पॉइंट आणि सुसाइड पॉइंट, इंजिन चालूच. खुर्पाताल हे तळं वरूनच, काचेतून. हिमालय दर्शन या व्ह्यूपॉइंटला मे महिन्याचा धुरकटपणा. दुर्बीणवाल्याने माणशी पैसे घेतले आणि पांढऱ्या धुक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वो रही नंदादेवी." ७,८१६ मीटरचं शिखर, पण ढिम्म दिसलं नाही. ते पाहायचं तर पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी जावं.

खरा संताप पुढे. कार्डावर 'डोरोथी सीट' ठळक छापलेली. बारापत्थरला आम्हाला घोडेवाल्यांच्या हवाली केलं. घोड्याचे पैसे वेगळे, आणि बाबांना घोड्यावर बसवणं अशक्य. आमची हुज्जत चालू असताना चहावाला हळूच म्हणाला, "साहब, वो तो अगस्त चौबीस में गिर गई." टिफिन टॉप टेकडीवरची ती दगडी बैठक ऑगस्ट २०२४ मध्येच दरड कोसळून नाहीशी झाली होती, तरी तिचा पॉइंट विकणं चालूच! प्राणिसंग्रहालयही कार्डावर होतं. दिवस सोमवार, आणि ते सोमवारी बंद असतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. रोपवेबद्दल ड्रायव्हर म्हणाला, "मेंटेनन्स चल रहा है". संध्याकाळी तलावाच्या वरच्या टोकाला, मल्लीतालला उभे होतो तर डोक्यावरून ट्रॉली स्नो व्ह्यूला निघालेली. माझ्या मते कारण सरळ आहे: घोड्यावर कमिशन मिळतं, रोपवेच्या तिकिटावर मिळत नाही.

एजंटला गाठलं तर तो शांतपणे म्हणाला, "गिन लो सर, बारह दिखाए." बंद फाटकही त्याने पॉइंटमध्ये धरलं होतं.

रोपवे चालू आहे का ते मल्लीतालच्या तिकीट खिडकीवर स्वतः विचारा. गाडी ठरवताना पॉइंटची संख्या विचारू नका. कुठे किती वेळ थांबणार, आत जाणार की रस्त्यावरूनच दाखवणार, घोडा आणि तिकीट धरून की वेगळं, हे कागदावर लिहून घ्या. निम्मे पैसे परतल्यावर द्या आणि नंबरप्लेटचा फोटो बसण्याआधीच काढा. आम्ही विचार केला तोवर गाडी निघून गेली होती.