माथेरान रिव्ह्यू: पॉइंट कमी बघा, एक रात्र राहा आणि हुतात्मा भाई कोतवालांच्या स्मारकाला जा

बऱ्याच जणांनी विचारलं होतं माथेरान आता कसं आहे, जायचं का, म्हाताऱ्या माणसांना झेपेल का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही कल्याणची माणसं, माथेरान म्हणजे आमच्या घरामागचाच डोंगर, लहानपणापासून जाणं-येणं आहे. यावेळी सासूबाई सोबत होत्या (गुडघ्यांचा त्रास आहे), नवरा, आणि नणंदेची दोन मुलं. थंडीत गेलो, मुद्दाम मधल्या वारी, शनिवार-रविवार टाळून. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली येईलच.

पहिली गोष्ट मिनी ट्रेन. नेरळहून वरपर्यंत जाणाऱ्या गाडीला अडीच-पावणेतीन तास लागतात, फेऱ्या मोजक्या, आणि पावसाळ्यात तो मार्ग बंदच असतो. त्यामुळे बहुतेक लोक काय करतात तर नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी पकडून घाटाने दस्तुरी नाक्याला येतात. तिथे गाड्यांची हद्द संपते, स्वतःची गाडी असेल तरी तिथेच पार्क करायची. पुढे चार पावलांवर अमन लॉज स्टेशन आणि तिथून माथेरान बाजारपेठेपर्यंत शटल, म्हणजे याच मिनी ट्रेनची छोटी फेरी. ही शटल पावसाळ्यातही चालते आणि सासूबाईंसारख्यांसाठी देवदूत आहे अक्षरशः. वीसेक मिनिटांत थेट बाजारात उतरवते, घोडा नको, चढ नको, काही नको. तिकीट आम्ही खिडकीवर काढलं, थोडं लवकर जाऊन रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, सुट्टीच्या दिवशी तर नक्कीच, कारण डबे छोटे आणि माणसं भरपूर. डबा खरंच इतका छोटा की समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागतो, पण खिडकी मोठी, आणि वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसतं तेव्हा मुलं जी ओरडतात ना, त्यातच पैसे वसूल.

या रेल्वेची गोष्ट मुलांना सांगितली तर त्यांनाही आवडली, तुम्हीही सांगा. सर आदमजी पीरभॉय म्हणून मुंबईचे मोठे व्यापारी, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही लाइन बांधली आणि 1907 मध्ये गाडी सुरू झाली. खर्च आला 16 लाख, त्या काळचे 16 लाख, आणि तेही सरकारचे नव्हेत, घरचे. रूळ फक्त दोन फुटांचे, चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, रेल्वेसाठी हे फार झालं. मधे एक बोगदा आहे, वन किस टनेल म्हणतात, नावावरूनच कळेल केवढा असेल. आधी वाफेची इंजिनं होती, मग डिझेल आलं. पूर्वी डब्याडब्यावर ब्रेकवाले असायचे, इंजिनाची शिट्टी वाजली की हाताने ब्रेक आवळायचे. 2016 च्या मे महिन्यात लागोपाठ दोनदा गाडी घसरली आणि सगळं बंद पडलं, मग शटल 2017 मध्ये आणि पूर्ण मार्ग 2018 मध्ये चालू झाला. तोवर 2019 च्या पावसाने पुन्हा मार्ग वाहून नेला आणि नेरळची गाडी वर यायला ऑक्टोबर 2022 उजाडला. त्याआधी 2005 च्या जुलैतला तो पाऊस, त्यानेही जवळपास दोन वर्षं गाडी बंद ठेवली होती. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की लोक येऊन बडबडतात गाडी हळू आहे, फेऱ्या कमी आहेत, अरे पण दरवर्षी डोंगर खाली येतो आणि रेल्वेची माणसं तो पुन्हा वर लावतात, तेव्हा कुठे आपल्याला ही खिडकी मिळते. युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे ही लाइन, ती टिकायला हवी असेल तर तिकीट काढून बसा, एवढंच.

आता तो अर्धा गुण. दस्तुरीला उतरल्या उतरल्या माणसं घेरतात. स्टेशन लांब आहे, गाडी आज बंद आहे, चालत गेलात तर दोन तास लागतील, असं काहीबाही सांगून घोड्यावर बसवायचा प्रयत्न होतो. आम्हालाही एकाने असंच सांगितलं, आम्ही सरळ पुढे गेलो तर स्टेशन समोरच आणि शटल उभी. बाजारपेठ चालत तीन किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, रमतगमत पाऊण तास धरा. पण याचा राग सगळ्या गावावर काढू नका हं, कारण गावकऱ्यांनाही हे नको आहे. मार्च 2025 मध्ये इथल्या लोकांनी पर्यटकांची फसवणूक थांबवा म्हणून स्वतःहून माथेरान बंद ठेवलं होतं, दुकानं हॉटेलं सगळं. ज्यांचं पोट पर्यटकावर चालतं त्यांनी पर्यटकासाठीच धंदा बंद ठेवायचा, हे मला फार मोठं वाटलं. आणि घोडेवालेही सगळे तसे नसतात. दुसऱ्या दिवशी मुलांना हौस म्हणून ज्या दादांचा घोडा घेतला त्यांनी आधी रेट सांगितला, तोच शेवटी घेतला, चढावर मुलांना पुढे वाका, उतारावर मागे रेला असं शिकवत शिकवत नेलं, आणि मधे थांबून आधी घोड्याला पाणी पाजलं मग स्वतः प्यायले. घोडा घ्यायचाच तर बाजारात पोचल्यावर घ्या, भाव आधी ठरवा, कुठले पॉइंट ते आधी विचारा.

पॉइंटांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सात पॉइंट, बारा पॉइंट असली जी पॅकेजं असतात ती घेऊ नका. दोन-तीन तासांत धावतपळत सगळीकडे फोटो काढून परत, आणि घरी आल्यावर इको कुठला आणि लॉर्ड्स कुठला हे कुणालाच आठवत नाही. त्यापेक्षा एक दिशा धरा. आम्ही सकाळी बाजारातून शार्लोट लेककडे गेलो, रस्ता सगळा झाडीतला, डोक्यावर ऊन नाहीच, तळ्याकाठी पिसारनाथाचं मंदिर, हे इथलं ग्रामदैवत. शिवाचं ठाणं आहे, देऊळ लहानसं, आत गार, सासूबाई तिथे बसल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या. महाशिवरात्रीला इथे गर्दी असते, तेव्हा गावातली माणसं पर्यटक म्हणून नाही तर भाविक म्हणून भेटतात, जमलं तर तेव्हा जा. तिथूनच पुढे लॉर्ड्स आणि इको पॉइंट जवळ आहेत, आणि अजून पुढे लुईझा. लुईझाला समोर प्रबळगड असा काही उभा असतो की बोलणं थांबतं. संध्याकाळी सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट, हा सगळ्यांना माहीत असतो त्यामुळे गर्दी, पण तरी जा. पॅनोरमा लांब आहे, उत्तरेच्या टोकाला, सूर्योदयासाठी अंधारात निघावं लागतं, नवरा आणि मुलं गेली, मी सासूबाईंसोबत थांबले, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यात भारी तेच. चांगले चालणारे असाल तर वन ट्री हिल बघा, त्याच्या बाजूने शिवाजी लॅडर म्हणून वाट खाली पायथ्याच्या चौक गावाकडे उतरते, ती मात्र अनुभव असेल तरच, पावसात अजिबात नको.

चौक म्हटल्यावर इतिहास आलाच. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 च्या मे महिन्यात चौकला मुक्कामाला होता, तिथून तो हा डोंगर चढून आला आणि साहेबांना ही जागा आवडली. मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनच्या काळात बंगले, रस्ते वगैरे सुरू झालं. पायथ्याच्या ठाकर-कातकऱ्यांना डोंगर आधीपासूनच पाठ होता ती गोष्ट वेगळी. पॉइंटांची नावं म्हणूनच सगळी इंग्रजी, बंगले पारशी आणि साहेबी. पण माझी मनापासून विनंती आहे की या सगळ्यात एक नाव विसरू नका, ते म्हणजे भाई कोतवाल.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म 1 डिसेंबर 1912, इथलाच, माथेरानचा. गरीब नाभिक कुटुंब, त्यातून शिकून वकील झालेला माणूस. इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. आजूबाजूच्या खेड्यांत शाळा काढल्या, शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याच्या बँका सुरू केल्या. म्हणजे बघा, चळवळीत पडले नसते तरी हा माणूस पंचक्रोशीत लक्षात राहिला असता. 1942 ला चले जाव सुरू झालं तेव्हा त्यांनी आझाद दस्ता नावाची भूमिगत तुकडी उभी केली, आणि मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. तुम्ही दस्तुरीला येताना जो कर्जत-नेरळचा पट्टा बघता ना, तिथल्या रानातून, रात्रीचं, हत्यारं म्हणजे करवती आणि कानशी. सरकार हैराण झालं. शेवटी 2 जानेवारी 1943 ला पहाटे मुरबाडजवळच्या सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठलं आणि भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील दोघंही तिथे हुतात्मा झाले. कोतवालांचं वय तिशीचं.

माथेरानमध्ये त्यांचं हुतात्मा स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि बाजारात तर पाय ठेवायला जागा नव्हती. कुठल्याच पॉइंटच्या पॅकेजमध्ये हे नाही. घोडेवाल्या दादांना विचारलं तर म्हणाले, लोक विचारतच नाहीत ताई, विचारलं तर आम्ही नेतो की. तर विचारा. मुलांना घेऊन जा, वीस मिनिटं बसा तिथे, गोष्ट सांगा. भाच्याने तिथे विचारलं की मामी एवढे मोठे खांब करवतीने कसे कापले, आणि मग तो दिवसभर दुसरं काही बोलला नाही. दरवर्षी 2 जानेवारीला सिद्धगडावर पहाटे लोक जमतात, हुतात्म्यांना मानवंदना देतात. डिसेंबर अखेरीस माथेरानला येणाऱ्यांनी एक दिवस जोडून तिकडे जायचं मनावर घ्यावं.

राहायचं कुठे हे ज्याच्या त्याच्या बजेटवर, बाजारापासून लांब बंगल्यांची हॉटेलं शांत आणि महाग, बाजारातली स्वस्त. आमच्या हॉटेलात नाश्ता थंड मिळाला आणि गरम पाणी सकाळी ठराविक वेळेतच, बाकी खोली स्वच्छ. जेवणासाठी हॉटेलच्या पॅकेजपेक्षा बाजारातल्या घरगुती खानावळीत जा, भाकरी-पिठलं आणि ठेचा, अजून काय पाहिजे. खरेदी म्हणजे चिक्की, मध आणि चपला. चिक्की घेताना उघड्यावर हातात धरून चालू नका, माकडं कधी येऊन ओढून नेतील पत्ता लागणार नाही, पिशवीत बंद करून ठेवा. माकडांना खायलाही घालू नका. शेकरू बघायचं असेल तर सकाळी लवकर शार्लोट लेकच्या रस्त्याला मान वर करून चाला, आम्हाला दिसलं, तांबूस पाठ, हे एवढं लांब शेपूट, या फांदीवरून त्या फांदीवर आणि गायब.

इको-सेन्सिटिव्ह झोन आहे हा 2003 पासून, वाहनं बंद, फक्त अॅम्ब्युलन्स, अग्निशमनाची गाडी आणि आता मोजक्या ई-रिक्षा. म्हणूनच रात्री राहा म्हणतेय. संध्याकाळची शेवटची गर्दी खाली उतरली की हॉर्न नाही, इंजिन नाही, काही नाही. मुंबईपासून एवढ्या जवळ असं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही.

हातरिक्षांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक माणूस पुढून ओढतो, मागून दोघं ढकलतात, उतारावर मागचे दोघं अंग मागे टाकून तीच रिक्षा रोखून धरतात, ब्रेक म्हणजे त्यांच्या टाचा. लाल मातीत त्या टाचांच्या रेघा उमटलेल्या दिसतात. परवानाधारक 94 जण हे काम वर्षानुवर्षं करत आलेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हे माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा आणि त्यांना ई-रिक्षा द्या असा आदेश दिला. मला फार बरं वाटलं. ई-रिक्षाची ट्रायल 2022 च्या डिसेंबरमध्येच सुरू झाली होती, त्यात इथल्या शाळकरी मुलांची आणि आजारी माणसांची केवढी सोय झाली. घोडेवाल्यांना धंद्याची काळजी आहे तीही खोटी नाही, पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात हेही त्यांचं म्हणणं आहे. कोर्टाने ब्लॉक दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच लावायला सांगितलेत, आतले रस्ते मातीचेच राहणार, आणि ते तसेच राहायला हवेत. तुम्ही गेलात तर ई-रिक्षा वयस्कर माणसांसाठी सोडा, आपण तरुण माणसांनी चालावं.

जायच्या आधी एवढं बघा: शटलचं वेळापत्रक त्याच आठवड्यात तपासा, परतीची शेवटची शटल किती वाजता ते उतरल्या उतरल्या स्टेशनवरच विचारून ठेवा, बूट जुने घाला (माती निघत नाही), आणि प्लास्टिकचा कचरा खाली नेरळला घेऊन या. ज्येष्ठ सोबत असतील तर शटल प्लस शार्लोट लेक एवढंच ठेवा, सासूबाईंना एवढं झेपलं आणि त्या आता पुढच्या महाशिवरात्रीला पिसारनाथाला जायचं म्हणतायत.