सुट्टीत पोरांबरोबर काय करायचं: शंकरपाळे, बिस्किटाचा रोल, भेळ की पिशवीतलं आइस्क्रीम?

मे महिन्यात ताईची दोन्ही पोरं दहा दिवस माझ्याकडे असतात, थोरला नऊ वर्षांचा आणि धाकटी चारची. पहिले दोन दिवस मजेत जातात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बरोब्बर "मावशी, बोअर होतंय" सुरू होतं. बाहेर ऊन इतकं की खाली खेळायला पाठवायची सोय नाही, मोबाइल हातात देणार नाही असं मी ताईला कबूल करून बसलेली, मग उरतं काय तर किचन. तर तुमच्याकडेही अशी एखादी दुपार येणार असेल आणि काय करायला घ्यावं हे ठरत नसेल तर माझा अनुभव वाचा, चार गोष्टी मी दोनदोनदा करून बघितल्यात.

आधी माझं काय चुकायचं ते सांगते. मी दिसायला काय भारी होतं ते बघून ठरवायचे. इडलीचा ससा, काकडीची मगर, टोमॅटोचे लेडीबग वगैरे. फोटोत झकास येतं, पण ते सगळं मीच करत बसायचे आणि पोरं ओट्याला हनुवटी टेकून बघायची, पाच मिनिटांनी पळायची. आता मी एकच बघते, त्या सगळ्या कार्यक्रमात मला "थांब, हात लावू नकोस" किती वेळा म्हणावं लागतं.

या परीक्षेत सगळ्यात आधी नापास झाले ते चुरमुऱ्याचे लाडू. वाटतात किती सोपे ना, चुरमुरे, गूळ, चमचाभर तूप, संपलं. पण गुळाचा पाक गोळीबंद व्हायला १२० अंशांच्या आसपास जातो, म्हणजे उकळत्या पाण्याहून गरम, आणि पाणी अंगावरून ओघळून तरी जातं, पाक चिकटून बसतो. लाडू वळायचे ते मिश्रण गरम असतानाच, माझेच हात पाण्यात बुडवून बुडवून लाल झाले, आणि पोरांनी हात लावण्याइतकं गार होईपर्यंत त्याचा दगड झालेला. चिक्कीचंही तेच. लाडूच वळायचा असेल तर बिया काढलेला मऊ खजूर आणि दाण्याचा कूट एकत्र मळून द्या, वळा म्हणावं हवे तेवढे.

शंकरपाळे

हो, दिवाळीचा पदार्थ आहे, पण मे महिन्यात केला तर कोणी पकडून नेत नाही. प्रमाण आमच्या आईचं, एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, साखर विरघळेपर्यंत गरम करून गार करायचं आणि त्यात मावेल तेवढा मैदा, साधारण पाच वाट्या लागतात. हा भाग मी पोरं झोपेतून उठायच्या आत उरकते आणि गोळा अर्धा तास झाकून ठेवते.

खरी मजा लाटण्यात आणि कातण्यात. ते करंजीचं कातण असतं ना, गोल फिरकीचं, ते एकदा चार वर्षांच्या मुलीच्या हातात देऊन बघा. तासभर आवाज नाही. पोळपाटावर रेघा, परातीत रेघा, स्वतःच्या फ्रॉकवर सुद्धा रेघा. थोरल्याला चौकोनात रस नव्हता, त्याने बाटलीच्या झाकणाने चंद्र पाडले, मग एक पिस्तूल, मग कुत्रा म्हणून काहीतरी.

अडचण पुढे आहे. पोरांच्या हातचं कुठे जाड कुठे पातळ, आणि शंकरपाळे मंद आचेवरच तळायचे असतात, एकाच घाण्यात दोन्ही पडले की चंद्र जळतो आणि कुत्रा आत कच्चा राहतो. यावर उपाय सापडला तो थोरल्यामुळेच, त्याला म्हटलं तू जाड एका ताटात आणि पातळ दुसऱ्या ताटात लाव, त्याने अगदी हिशेबनीस असल्यासारखं तीन ताटांत लावलं, मधलं ताट "डाउटफुल". मग घाणे वेगवेगळे काढले आणि सगळं नीट तळलं गेलं.

पण तळताना मात्र दोघंही किचनच्या बाहेर, दाराच्या त्या बाजूला, यात मी कोणाचं ऐकत नाही. म्हणजे शेवटचा पाऊण तास पोरांना काही काम नाही, आणि त्या पाऊण तासात "माझा कुत्रा झाला का" किमान वीस वेळा ऐकायचं. कच्चं पीठ तोंडात जाणार नाही याकडेही लक्ष ठेवा, गोड असतं म्हणून सटासट खातात आणि कच्चा मैदा पोटाला बरा नाही. फायदा हा की डबाभर होतात, पंधरा दिवस टिकतात, आणि ताई न्यायला आली की "हा मी केलेला" म्हणून दाखवायला शिल्लक असतात. बाकी तीन गोष्टींचं असं काही उरत नाही.

मारी बिस्किटाचा रोल

ज्यांना गॅस पेटवायचाच नाही त्यांच्यासाठी हा. मारी बिस्किटांचा एक मोठा पुडा, दोन-तीन चमचे कोको, थोडी पिठीसाखर, दूध. आत भरायला सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, पिठीसाखर आणि बटर. बिस्किटं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची, तोंड बांधायचं आणि पोराच्या हातात लाटणं द्यायचं. धोपट म्हणावं. खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी झोपत नाहीत ना तेवढं बघून घ्या.

हे बिस्किट १८७४ साली लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने रशियाच्या राजकन्येच्या लग्नानिमित्त काढलं, तिच्या मारिया नावावरून मारी. हे मी थोरल्याला सांगितलं, तर तो म्हणे, "मग आपण राजकन्येला कुटतोय का?" आणि अजून जोरात कुटायला लागला.

दूध चमच्याचमच्याने घाला, यात माझं पहिल्यांदा फसलं. धाकटीने अर्धी वाटी एकदम ओतली आणि जे झालं त्याला रोल म्हणणं शक्यच नव्हतं, ते आम्ही वाटीत घालून चमच्याने खाल्लं आणि पुडिंग म्हटलं. पोळीच्या कणकेसारखा गोळा व्हायला हवा. तो दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटायचा, वर खोबऱ्याचं मिश्रण पसरायचं, आळूवडीसारखा गुंडाळायचा आणि फ्रीजमध्ये दोन तास. कापल्यावर आत ती पांढरी-काळी भिंगरी दिसते तेव्हा मोठी माणसंसुद्धा "अरे वा" म्हणतात.

"हात लावू नकोस" जवळजवळ नाहीच, फक्त शेवटी सुरीने कापताना. मग कमी कशात पडतो? एक म्हणजे ते दोन तास. चार वर्षांच्या मुलीला दोन तास म्हणजे काय ते कळत नाही, ती दर दहा मिनिटांनी फ्रीज उघडून रोलला बोट लावून येते. म्हणून हा सकाळी करा आणि जेवणानंतर कापा, किंवा दुपारी झोपायच्या आधी. दुसरं, कोको. हातावरून फ्रीजच्या हँडलवर, तिथून पडद्यावर. आणि साखर बरीच जाते पोटात, त्या दिवशी बाकी गोड काही देऊ नका, संध्याकाळी घरात धिंगाणा होतो असं ताईचं मत आहे, माझ्या मते तो तसाही होतो.

भेळ

हिच्यात खरं तर शिजवायचं काहीच नाही, चिंच-खजूर-गुळाची चटणी आदल्या दिवशी तयार ठेवली आणि बटाटे उकडून ठेवले की झालं. पोरं काय करतात? बटाटा सोलतात, बोथट सुरीने फोडी करतात, कोथिंबीर निवडतात आणि मग स्वतःची भेळ स्वतः कालवतात. पंधरा-वीस मिनिटांत तोंडात. भूक लागलेल्या पोरांना बाकी कुठल्याही गोष्टीत गुंतवायला जाऊ नका, भेळच करा.

मला वाटलं होतं दहा मिनिटांत आटपेल आणि पुन्हा बोअर सुरू होईल, पण झालं उलटंच. थोरल्याने दुकान मांडलं. कोऱ्या कागदाचे पुडे वळले (वर्तमानपत्राचे नकोत, शाई खाण्याला लागते), भिंतीला भाव चिकटवले, साधी दहा रुपये, कैरी घालून बारा, "स्पेशल" वीस, स्पेशलमध्ये काय तर शेव जास्त. धाकटी गिऱ्हाईक. मग मी गिऱ्हाईक, मग शेजारच्या दोघी. पाचशेची खोटी नोट देऊन सुट्टे मागितल्यावर त्याची वजाबाकी बघण्यासारखी होती. भेळ खाऊन संपली तरी दुकान दीड तास चालू.

कांदा मी चिरते, तिखट चटणी मोठ्यांच्या वाटीत वेगळी, आणि अगदी लहान मूल असेल तर त्याच्या पुड्यात अख्खे शेंगदाणे घालू नका, घशात अडकतात, चार वर्षांखालच्यांना तर नकोच. चटणी सगळ्यात शेवटी, घातली की लगेच खायचं. धाकटीने कालवून "नंतर खाते" म्हणून ठेवली होती, नंतर तो चुरमुऱ्यांचा लगदा बघून रडली. ओली भेळ जमणार नसेल तर भडंग करा, कोल्हापूर-सांगलीकडची पोरं नाहीतरी भेळेपेक्षा त्यावरच मोठी होतात, पण त्यात फोडणी आली, म्हणजे गॅस आला, म्हणजे परत तुम्हीच.

पिशवीतलं आइस्क्रीम

आमच्या लहानपणी आजोळी पॉटचं आइस्क्रीम असायचं, लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि हँडल फिरवायला रांग. शेवटी घट्ट झालं की मामाच फिरवायचा, आणि पॉट हलू नये म्हणून एका पोराला वर गोणपाट टाकून बसवायचा, ते मूल मी असायचे. तोच प्रकार पिशवीत होतो.

झिपवाल्या छोट्या पिशवीत अर्धी वाटी फुल क्रीम दूध आणि दोन चमचे क्रीम, चमचाभर साखर, व्हॅनिलाचे दोन थेंब किंवा चमचाभर आमरस. मोठ्या पिशवीत चार वाट्या बर्फ आणि अर्धी वाटी खडे मीठ. लहान पिशवी मोठीत घालायची, बंद करायची, टॉवेलात गुंडाळायची आणि हलवायची. आठ-दहा मिनिटं. नाचत, गाणं म्हणत, एकमेकांकडे फेकत, कसंही.

मीठ कशाला हे थोरल्याने विचारलंच. नुसता बर्फ शून्य अंशावर असतो आणि साखर घातलेलं दूध शून्याला गोठत नाही, त्याला अजून गार लागतं. मीठ घातलं की बर्फ वितळायला लागतो, वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूने ओढून घेतो आणि ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. हे नुसतं सांगून काही उपयोग नाही. आम्ही एक पिशवी मीठ न घालता केली आणि एक घालून. बिनमिठाच्या पिशवीत दहा मिनिटांनी गार दूध, दुसरीत आइस्क्रीम. त्याने संध्याकाळी फोनवर ताईला सगळं समजावलं, वर "तुला माहीत नव्हतं ना" असंही.

"हात लावू नकोस" इथे एकदाच, उघड्या हाताने ती पिशवी धरू द्यायची नाही, चटका बसल्यासारखं होतं, म्हणून टॉवेल. आतली पिशवी दुहेरी घ्या. आमची पहिल्या वेळी कुठेतरी फटीतून गळली आणि खारट आइस्क्रीम झालं, थोरल्याने तरी खाल्लं. आमरस आणि साखर दोन्ही भरपूर घातलं तरी घट्ट होत नाही, गोड जितकं जास्त तितकं गोठायला अवघड. होतं ते मऊच होतं, दुकानातल्या स्कूपसारखं नाही, आणि अर्ध्या वाटीचं जेवढं होतं तेवढंच, दुसऱ्यांदा हवं असेल तर बर्फ परत. नंतर फरशी चिकचिकते, ती दोनदा पुसावी लागते, आणि ते मिठाचं पाणी कुंड्यांत ओतू नका, झाडं मरतील.

मग करायचं काय

मूल एकटं असेल आणि सहाच्या आतलं असेल तर मी डोळे झाकून बिस्किटाचा रोल सांगेन, सकाळी करा म्हणजे झालं. दोन मुलांत माझ्याकडच्या पोरांसारखं मोठं अंतर असेल तर भेळ, कारण धाकट्याला कालवायला मिळतं आणि थोरल्याला दुकान मांडायला. शेजारची चार-पाच पोरं गोळा झाली असतील तर पिशवीतलं आइस्क्रीम, पण बाल्कनीत किंवा गच्चीवर. शंकरपाळे तेव्हाच घ्या जेव्हा घरात दुसरं मोठं माणूस आहे, एकाने तळायचं आणि एकाने पोरांना दाराबाहेर धरून ठेवायचं. एकट्या माणसाने हे करू नये, मी केलंय, दमले.

गणपतीत कोणी विचारेल तर वेगळंच सांगेन. उकडीच्या मोदकाच्या कळ्या लहान मुलांना जमत नाहीत, रडारड होते, पण उरलेल्या उकडीत मिरची-जिरं-कोथिंबीर घालून निवगऱ्या करतात ना, त्या नुसत्या थापायच्या असतात. उकड कोमट झाली की सगळी बोटं उमटवू द्या त्यांना. कोणाची निवगरी कुठली ते वाफवल्यावरही ओळखू येतं.

या मे महिन्यात माझी सुरुवात आइस्क्रीमनेच आहे कारण तसं फर्मान आधीच आलंय. तुम्हीही तेच करणार असाल तर खडे मीठ आणि पिशव्या आधी आणून ठेवा आणि बर्फ आदल्या रात्री लावा, एका ट्रेमध्ये भागत नाही, दोन पोरांना मला तीन ट्रे लागले.