तालीम, कराटेचा क्लास की एका दिवसाचं शिबिर?

गावच्या यात्रेतली दंगल पाहिली की पोराला तालमीत घालावंसं वाटतं. शाळेतलं प्रात्यक्षिक पाहिलं की मुलीला कराटेला. स्वसंरक्षणासाठी निवडत असाल तर कोणत्या कलेत किती डाव, हे मोजत बसू नका. समोरचा खरोखर विरोध करत असताना सराव होतो का, एवढंच विचारा.

तालमीत तो पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. कोणी कवळ घातली, मनगट धरलं, भिंतीला रेटलं तर अंग घाबरून ताठत नाही, कारण रोज तेच सोसलेलं असतं. जळगाव जिल्ह्याच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरीचा किताब घेतला, तेव्हा आपल्याकडे कुस्तीची ओढ का आहे हे वेगळं सांगायला नको. पण आखाड्यातली सवय रस्त्यावर अंगाशीही येते. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढायला, डोकं खाली गेलं की तोंडावर गुडघा बसतो. डांबरावर गुडघा टेकला तर वाटी फुटू शकते. आणि एकाला चीत करत बसलात तर त्याचा जोडीदार पाठीत लाथ घालतो. कुस्तीगिराने डाव पूर्ण करण्याऐवजी पकड तोडून उभं राहून निघायचा वेगळा सराव करावा. शिवाय नायटा-खरूज तालमीत झपाट्याने पसरते. नखं कापलेली हवीत, सरावानंतर लगेच अंघोळ हवी. मुलींना प्रवेश आहे का, हे आधी विचारावं लागतं, दुर्दैवाने.

कराटेत अंतर कळतं, आवाज सुटतो, मार कुठून येतो ते दिसायला लागतं. गडबड होते ती पॉइंटच्या लढतीत: स्पर्श झाला की पंच थांबवतात, म्हणून ठोसा मारून हात तिथेच रेंगाळतो. हवेतच ठोसे मारणाऱ्याला आणखी एक धडा उशिरा मिळतो. ग्लोव्ह न घालता मुठीने कवटीवर मारलं तर करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडू शकतं. तळहाताची मनगटाजवळची गादी त्यापेक्षा सुरक्षित. चप्पल घालून, खडीवर, कमरेवर जाणारी लाथ तर विसराच. क्लास बघायला जाल तेव्हा पट्ट्याच्या परीक्षा किती, यापेक्षा पॅडवर आणि जोडीदारावर जोर लावून किती मिनिटं मारतात ते बघा. तासाभरात पंधरा मिनिटंही नसतील तर तो व्यायाम आहे. व्यायाम वाईट नाही, पण मग फी व्यायामाची द्या.

बॉक्सिंग मिळत असेल तर उत्तम: चेहऱ्यावर ठोसा बसल्यावरही विचार करता येतो, हे तिथे लवकर शिकता येतं. मोठी उणीव ही, की पकडीत अडकल्यावर काय करायचं ते नाही.

एका दिवसाच्या शिबिराला कमी लेखू नका. धरलेला हात समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने खेचून सोडवणं, केस धरले तर त्याची मूठ आपल्याच डोक्यावर दाबून धरणं, ओरडणं, ११२ फिरवणं, हे दिवसभरात जमतं. महिनाभर सराव केला नाही तर तेही जातं. चाकू हिसकावून घ्यायचा डाव शिकवणारं शिबिर मात्र टाळा. चाकू दिसला की मोबाइल एका बाजूला फेकायचा, दुसऱ्या बाजूला पळायचं.

कुठेही जा, दोन गोष्टींचा सराव बहुतेक ठिकाणी होत नाही. पहिली: दोन हात अंतर ठेवून, तळवे छातीसमोर उघडे, "जाऊ दे ना भो" म्हणत मागे सरकणं. तोंडाने माघार, हात तयार. दुसरी: थांबणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ बचावाचा हक्क देतात, पण गरजेपुरत्याच इजेचा. तो पळायला लागल्यावर पाठलाग करून घातलेली काठी बचावात धरली जाईलच असं नाही.

वेळ निवडताना ऊन धरा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पत्र्याच्या शेडमधला संध्याकाळी पाचचा वर्ग म्हणजे भट्टी. सकाळी साडेपाचची तालीम त्या मानाने सुसह्य.