मॉक इंटरव्ह्यू सेवा: खासगी प्रश्नांची तयारी कितपत होते?

पुण्यातल्या या मॉक इंटरव्ह्यू सेवेत खासगी प्रश्नांचा सराव खरोखर उत्तम होतो. ‘लग्न कधी?’, ‘मूल कधी?’ यांवर दोनच वाक्यं घोटून घेतात: ‘शिफ्ट आणि प्रवास मला जमेल. टीमचं वेळापत्रक कसं असतं?’ मग गप्प बसायचं. उमेदवार फसतात ते इथेच. शांतता सोसवत नाही, म्हणून सासर, आजारपण सगळं सांगून बसतात आणि पुढचे प्रश्न ओढवून घेतात. रेकॉर्डिंग पाहताना ही चूक लगेच कळते. नोकरीतल्या खंडाची तयारी मात्र कच्ची: आधी एका वाक्यात कारण, मग त्या काळात शिकलेलं काम, हा क्रम शिकवतच नाहीत. 2017च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्यात आहे, हेही सांगायला हवं.