लुबुंबाशी की किटवे? तांब्याच्या दोन देशांत राहून बनलेलं माझं मत

गेल्या सहा-सात महिन्यांत तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. एक कोल्हापूरचा फिटर, एक नागपूरचा सर्व्हेअर आणि एक आमच्याच नात्यातला पोरगा. दादा, काँगोतून पण ऑफर आहे आणि झांबियातून पण, कुठे जाऊ? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसलो, म्हणून म्हटलं आता एकदाच लिहून ठेवतो. मी खाणीतल्या क्रशर-कन्व्हेअरच्या मेंटेनन्समधला माणूस, आधी तीन वर्षं काँगोतल्या लुबुंबाशीत काढली, नंतर चार वर्षं झांबियातल्या किटवेत, दोन्हीकडे बायको-मुलीसकट. त्यामुळे हे एका कुटुंबाचं मत आहे असंच धरा, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

नकाशात बघितलंत तर कळेल की ही दोन शहरं एकमेकांपासून दोनशे किलोमीटरच्या आत आहेत. जमिनीखालचं तांबं एकाच पट्ट्यातलं. सीमेच्या दोन्ही बाजूला बेंबा बोलणारी माणसं भेटतात. मक्याच्या पिठाची तीच घट्ट उकड, झांबियात तिला न्शिमा म्हणतात आणि लुबुंबाशीत बुकारी. इतकंच काय, दोन्ही शहरांच्या उशाला तांबं वितळवून उरलेल्या मळीचा एकेक काळा डोंगर उभा आहे, किटवेच्या डोंगराचं तर नावच ब्लॅक माउंटन. गोऱ्यांनी मधे रेघ मारली नसती तर हा एकच मुलूख राहिला असता. आणि गरिबी म्हणाल तर दोन्हीकडे डोळ्यात पाणी आणणारी आहे, जागतिक बँकेच्या २०२५ पूर्वीच्या हिशोबाने काँगोत दहातली सात माणसं अत्यंत गरिबीत जगत होती आणि झांबियात दहातली सहा. म्हणजे कागदावर फरक फक्त एका माणसाचा दिसतो, पण राहायला गेल्यावर तो फरक फार मोठा वाटतो, निदान मला तरी वाटला.

आधी काँगोची बाजू मांडतो, कारण पगार तिथे जास्त. मला जवळपास दीडपट होता, शिवाय राहायचं घर कंपनीचं. जगातलं दोन तृतीयांशाहून जास्त कोबाल्ट हा एकटा देश काढतो, तांब्यातही आता पहिल्या दोन-तीनमधे आहे, त्यामुळे कामाला मरण नाही आणि अनुभव म्हणाल तर दोन वर्षांत इतकी यंत्रं हाताखालून जातात की भारतात दहा वर्षं लागतील. शहर म्हणूनही लुबुंबाशी किटवेपेक्षा जिवंत वाटतं. सकाळचा ताजा लांब पाव, संध्याकाळी कोळशावर भाजलेला मासा, रविवारी चर्चला जाताना बायकांचे एकसे एक कपडे आणि गल्लीगल्लीत रुंबाची गाणी. कुणालाही नुसत्या नावाने हाक मारायची नाही, बाईमाणूस असेल तर मामा आणि पुरुष असेल तर पापा, हे मला फार आपलं वाटलं. आमच्या शेजारच्या पापांनी जेवढा जीव लावला तेवढा सख्ख्या भावाने लावला नसता.

आणि आपल्या लोकांचं या शहराशी रक्ताचं नातं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शाळेत परमवीर चक्राच्या यादीत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे नाव वाचलं असेल, ते ५ डिसेंबर १९६१ ला इथेच पडले, तेव्हा या गावाचं नाव एलिझाबेथव्हिल होतं. कटांगा प्रांत काँगोतून फुटून निघाला होता आणि आपलं सैन्य संयुक्त राष्ट्रांकडून तिथे गेलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत लुमुंबांना याच शहराजवळ नेऊन मारलं, जेमतेम सहा महिन्यांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाचा पहिला पंतप्रधान. मग १९६५ पासून १९९७ पर्यंत हुकूमशहा मोबुटू. बत्तीस वर्षं एक माणूस, आणि तांब्याचा पैसा कुठे गेला ते सगळ्या जगाला माहीत आहे.

आता मला ज्या गोष्टीने तिथून उठवलं ती सांगतो. ऐकायला क्षुल्लक आहे. नोटा.

काँगोत सगळा मोठा व्यवहार डॉलरमधे होतो, घरभाडं, शाळेची फी, दवाखाना, सगळं. फ्रँक, म्हणजे तिथलं चलन, भाजी आणि टॅक्सीपुरता, कारण फ्रँकची सगळ्यात मोठी नोट २० हजारांची आणि तिचे दहा डॉलरसुद्धा होत नाहीत. फ्रँकची नोट कितीही मळलेली, चिकटवलेली, चिंधी झालेली असली तरी मुकाट्याने चालते. पण डॉलरची नोट कोरी करकरीतच पाहिजे. कडेला टाचणीएवढी चीर असली तरी परत, मधे घडी जास्त पडली तरी परत, शाईचा ठिपका दिसला तरी परत, शंभराची नोट निळी पट्टीवाली नसेल तर हातातसुद्धा घेत नाहीत. एक डॉलरची नोट तर मला शहरात कुठे चालवताच आली नाही. दुकानदार नोट उजेडात धरतो, कडेवरून अंगठा फिरवतो आणि मान हलवतो, आणि तुम्ही खिशात पैसे असून भिकारी. पगार झाला की मी आणि बायको पलंगावर नोटा पसरून एकेक तपासायचो, चांगल्या एका वहीत, वाईट दुसरीत.

पहिलं वर्ष आम्ही हे चालवून घेतलं. मग एका फेब्रुवारीत, पाऊस धो धो, मुलीला रात्री एकशे चारच्या वर ताप, मलेरियाच असणार हे दिसत होतं. खासगी दवाखान्यात नेलं, तिथे आधी डिपॉझिट भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, ते मला माहीत होतं म्हणून पैसे घेऊनच गेलो होतो. चार नोटा दिल्या. काउंटरवरच्या बाईंनी तीन परत केल्या, एकीला कडेला चीर, एकीवर कुठल्या तरी मनी चेंजरचा शिक्का, आणि तिसरी जुनी. मी हात जोडले, म्हटलं सकाळी बदलून आणतो, पोरीला आत घ्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांनी शांतपणे सांगितलं की ही नोट मी घेतली तर उद्या बँक घेणार नाही आणि माझ्या पगारातून कापतील. पावसात घरी आलो, शेजारच्या पापांना उठवलं, ते एक शब्द न विचारता आत गेले आणि बायबलमधे दाबून ठेवलेल्या तीन करकरीत नोटा आणून दिल्या. मुलगी चौथ्या दिवशी घरी आली, डॉक्टरांनी उत्तम बघितलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या रात्रीचा तो अर्धा तास माझ्या अंगातून अजून गेला नाही. पंधरा दिवसांनी मी पापांना पैसे परत केले तर त्यांनीसुद्धा प्रत्येक नोट दिव्यासमोर धरून बघितली, आणि त्यात अपमान कसलाच नव्हता, त्यांना बघावीच लागणार.

लोक असे का झाले हे नंतर एका म्हाताऱ्या फोरमनने सांगितलं. मोबुटूच्या शेवटच्या काळात नोटा छापून छापून महागाई इतकी झाली की ५० लाखांची नोट काढावी लागली. १९९३ च्या जानेवारीत सैनिकांना पगार त्या नोटांमधे दिला, मोबुटूच्या विरोधातले तेव्हाचे पंतप्रधान एतिएन त्शिसेकेदी म्हणाले ही नोट घेऊ नका, आणि दुकानदारांनी खरंच घेतली नाही. मग सैनिकांनी किन्शासा लुटली, माणसं मेली. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी आपल्या देशाच्या कागदावर बचत का ठेवावी? परक्याचा कागद घ्यायचा, आणि तो परका म्हणून दहा वेळा तपासून घ्यायचा. देशाच्या जमिनीत एवढं धन आणि बाईला टोमॅटो विकून आलेला पैसा साठवायला भरवशाची नोट नाही. मला हे बघवायचं नाही.

बाकी त्रास पण आहेत, रस्त्यावर जिथे तिथे कागदपत्रं दाखवा, फ्रेंच आल्याशिवाय शाळा नाही, पण ते सवयीचे होतात. पूर्वेकडचं युद्ध मात्र लोक उगाच लुबुंबाशीला चिकटवतात. २०२५ च्या जानेवारीत पूर्वेचं गोमा शहर बंडखोरांच्या हातात पडलं तेव्हा घरून येणाऱ्या फोनांनी लुबुंबाशीतल्या मित्रांना नको नको झालं, पण गोमा लुबुंबाशीहून हजाराहून जास्त किलोमीटर लांब आहे.

झांबिया. इथे येताना माझा पगार कमी झाला आणि बायकोचा जीव भांड्यात पडला. भाषा इंग्रजी, गाडी आपल्यासारखी डावीकडून, गुजराती कुटुंबं तीन-तीन पिढ्या राहिलेली त्यामुळे तूरडाळ, मोहरी, हिंग सगळं मिळतं. पण मला आवडलं ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात बाजारात एका बाईने चितेंगेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, गाठीतून चुरगळलेली क्वाचाची, म्हणजे इथल्या चलनाची, नोट काढून मला सुटे दिले, आणि मी सवयीने ती उजेडात धरली. ती बघतच राहिली. इथे नोट म्हणजे नोट. २०१३ च्या १ जानेवारीला क्वाचावरची तीन शून्यं उडवली, त्याआधी २०१२ मधे दुकानातले भाव डॉलरमधे लावायला बंदी घातली होती, पुढे ती उठवली, पण घर, शाळा, दवाखाना सगळं मी क्वाचातच दिलं. वर कोपऱ्याकोपऱ्यावर मोबाईल मनीच्या टपऱ्या, फोनवरून पैसे टाकले की झालं. क्वाचाची किंमत घसरते, महागाई आहे, २०२० मधे देशाने कर्ज बुडवलंय, हे सगळं खरं. पण रात्री दोन वाजता दवाखान्यात माझा पैसा चालेल ही खात्री मला इथे होती.

माझ्या मते याचं मूळ राज्य कसं बदलतं यात आहे. झांबियालाही १९६४ ला स्वतंत्र होताना काही फार मिळालं नव्हतं, अख्ख्या देशात शंभरएक पदवीधर. तांब्याचा भाव सत्तरच्या दशकात कोसळला तेव्हा हाही देश झोपलाच. पण १९९१ मधे पहिले राष्ट्राध्यक्ष कौंडा निवडणूक हरले आणि घरी गेले. २०११ ला पुन्हा सरकार हरलं, २०२१ ला पुन्हा. २०२२ पासून सरकारी शाळा बारावीपर्यंत मोफत केल्या, वर्ग खच्चून भरलेत, बाकं नाहीत, पण आमच्या कामवाल्या ताईंची मधेच शाळा सोडलेली मुलगी परत वर्गात गेली, हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

आता झांबियाचं वाईटही लपवत नाही, नाहीतर तिकडे जाऊन मला शिव्या घालाल. लोडशेडिंग पाचवीला पुजलेलं. आपण २००५-०६ मधे महाराष्ट्रात जे भोगलं ते काहीच नाही. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण तळाला गेलं, आणि देशाची बहुतेक वीज पाण्यावरची, त्यामुळे आमच्याकडे वीज दिवसाला तीनच तास, तेही मध्यरात्रीनंतर. बायको रात्री एकला उठून पोळ्या करायची. गरिबांचे तर हाल विचारू नका, वीज नाही म्हणून लाकडी कोळसा, कोळशासाठी झाडं, आणि मक्याच्या पिठाची २५ किलोची बॅग हाताबाहेर. मग २०२५ च्या फेब्रुवारीत किटवेच्या वरच्या अंगाला एका खाणीचा आम्लाचा बांध फुटला आणि काफुए नदीत विष गेलं, मासे उलटे तरंगत होते आणि शहराचं पाणी बंद. काब्वे शहरात तर १९९४ ला बंद झालेल्या शिशाच्या खाणीची धूळ अजून मुलांच्या रक्तात सापडते. तेव्हा झांबिया म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाहीये.

पण विजेच्या बाबतीतही काँगोशी ताडून बघा. तिथे पाचातल्या एका माणसालाच वीज आहे. आणि इंगा धरणापासून कटांगाच्या खाणींपर्यंत सतराशे किलोमीटरची तार १९८२ मधे टाकली, ती ज्या गावांवरून जाते तिथल्या बहुतेक घरांत आजही दिवा नाही. झांबियातला अंधार दुष्काळाने आला आणि पाऊस पडला की थोडाफार ओसरतो. काँगोतल्या अंधाराला चाळीस वर्षं झाली.

तर एकटे असाल, वय पंचविशी-तिशीत असेल, डोक्यावर घराचं कर्ज असेल, फ्रेंच शिकायची तयारी असेल तर लुबुंबाशीला दोन वर्षं जरूर जा, पैसाही सुटेल आणि माणसं फार गोड आहेत. बायको-मुलं सोबत असतील तर मी किटवे म्हणेन, पगार तीस टक्के कमी असला तरी. त्याहून जास्त फरक असेल तर मग तुमचं तुम्ही गणित मांडा.

काँगोला जाणारच असाल तर मुंबईत डॉलर घेताना काउंटर सोडायच्या आधी एकेक नोट चारही कडांनी बघा, शिक्केवाली परत द्या, पाकिटात दुमडू नका, जाड वहीत सपाट ठेवा. आणि पाचशे डॉलर अशा नोटांचे वेगळे बांधून ठेवा, ते फक्त दवाखान्यासाठी. झांबियाला जाणार असाल तर पहिल्या पगारात इन्व्हर्टर.