रुमाल, मुंडासं, टोपी की हेल्मेट: नावातून काय कळतं आणि डोक्याला काय लागतं

एप्रिल संपत आला की भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या आसपास जातो आणि दारातून एकच हाक येते, "डोकाले रुमाल बांध रे!" रुमालच का, टोपी का नाही, आणि गाडीवर बसताना रुमालावर भागतं का, याचं निम्मं उत्तर या वस्तूंच्या नावांत आहे. वस्तू मुळात कशासाठी जन्मली ते नावावरून कळतं. फसगत होते ती तिच्याकडून भलतं काम करून घेतल्यावर.

रुमाल फारसी. रू म्हणजे चेहरा, आणि माल आला 'मालीदन' म्हणजे चोळणे-पुसणे यावरून. थोडक्यात तोंडपुसणं. गमछाही त्याच घरातला: बंगालीत 'गा' म्हणजे अंग आणि 'मोछा' म्हणजे पुसणं. दस्ती तर हातातली, कारण दस्त म्हणजे हात. तिघांच्याही नावात राखण कुठेच नाही. पहिल्या दोघांत पुसणं आहे, तिसरीत नुसता हात. गंमत म्हणजे खानदेशी उन्हात पाणी धरणारं कापडच उपयोगी पडतं. रुमाल पांढरा, सुती, साधारण मीटरभर चौरस घ्या. कर्णावर दुमडून त्रिकोण करा, टोक मागे मानेवर सोडा, दोन्ही पदर कानांवरून मागे नेऊन गाठ मारा. गाठ कपाळावर मारली तर कान आणि मान उघडी पडतात, आणि ऊन तिथेच लागतं. बांधण्याआधी भिजवून पिळून घ्या. इथली उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी झरझर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. सुकला की पुन्हा भिजवायचा. टेरिकॉटचा रुमाल इथे वाया जातो, तो पाणी फार कमी धरतो. जूनमध्ये ढग येऊन हवा दमट झाली की ओला सुती रुमालही गार करत नाही, नुसता चिकटतो. मग तो कोरडाच बांधा.

कपाशीवर फवारणी करताना मात्र हाच गुण उलटतो. पाणी धरणारं कापड औषधही धरतं. नाकाला गुंडाळलेला रुमाल तुषार शोषून घेतो आणि तासन्‌तास कातडीला लावून ठेवतो. त्यातून घाम आल्यावर त्यानेच तोंड पुसलं जातं. तिथे औषधाच्या लेबलवर सांगितलेला मास्क, डोक्याला पाणी न शोषणारी टोपी, आणि वापरलेला रुमाल घरच्या धुण्यात न मिसळता वेगळा धुणं, याला पर्याय नाही.

मुंडाशात 'मुंड' म्हणजे डोकं उघड दिसतं. संस्कृतात पागोट्याला उष्णीष म्हणत, आणि जुने कोशकार त्याची फोड 'उष्णाला हटवणारं' अशी करतात. ही फोड मागाहून बसवलेली असेलही, पण अनुभवाला धरून आहे: वेढ्यांमध्ये हवा अडकते आणि तीच उन्हाला आडवी येते. दिवसभर रानात एका जागी काम असेल तर सैल बांधलेलं सुती मुंडासं कोरड्या रुमालापेक्षा सरस. घट्ट आवळलं तर हवा उरत नाही आणि कपाळ ठणकतं. केळीचा घड वाहायचा असेल तर रुमाल आणि मुंडासं दोन्ही काढून ठेवा आणि कापडाला पीळ देऊन चुंबळ करा.

गांधी टोपीला ना झालर ना कानाला आडोसा. ती मान राखते तो इभ्रतीचा, गळ्यामागची मान उघडीच. उन्हाला काठाची टोपीच हवी. साहेब लोकांची 'सोला टोपी' पुष्कळांना 'सोलर' वाटते, पण तिचा सूर्याशी संबंध नाही. पाणथळ जागी वाढणाऱ्या शोला नावाच्या झाडाच्या हलक्या भेंडापासून ती बनायची, म्हणून सोला.

आता गाडी. शिरस्त्राणातलं 'त्राण' पादत्राणातलंच, म्हणजे रक्षण. जिरेटोपातल्या जिऱ्याचा फोडणीशी संबंध नाही. फारसी 'जिरिह' म्हणजे साखळ्यांचं चिलखत. हेल्मेट जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, मुळात 'लहान हेल्म' म्हणजे लहान शिरस्त्राण, आणि हेल्मच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. मात्र नुसत्या झाकण्याने डोकं वाचत नाही. आतलं जाड थर्माकोल चेपतं आणि धक्का खातं. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, थर्माकोल विरघळतं.

घेताना भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर फितीने मोजा. बऱ्याच कंपन्यांचं एम ५८० मिलिमीटरचं, एल ६००चं असतं. पट्टा लावा, खाली एक-दोन बोटंच जावीत, आणि मागून वर ढकलून बघा. पुढे घरंगळलं तर ते मोठं आहे. आतून जाड रुमाल बांधायची सवय असेल तर सोडा: मागची गाठ हेल्मेट उचलून धरते आणि पडताना तिथेच टोचते. घामासाठी पातळ, बिनगाठीचं कापड पुरे. आयएसआय खुणेजवळ आयएस ४१५१ (दुचाकीच्या हेल्मेटचं मानक) आणि परवाना क्रमांक असतो. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा. १ जून २०२१पासून या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. महामार्गाकडेला चादरीवर मांडलेलं, आत नुसता स्पंज असलेलं घेतलं, तर ती टोपी आहे, आणि ती तुम्हाला घातली आहे. मुंडासं बांधलंय म्हणून सुटका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ने पगडीची सूट दिली आहे ती शिखांना.

सगळ्यात मोठा घोळ एकाच शब्दाने केलाय. एमआयडीसीतलं पिवळं टोपडंही हेल्मेटच म्हणवतं. ते आयएस २९२५चं, वरून पडणाऱ्या वस्तूसाठी. आतल्या पट्ट्या आणि कवच यांच्यातली मोकळी जागा मार झेलते, आणि नेमकी तिथेच तंबाखूची पुडी, मोबाईल, घडी केलेला रुमाल कोंबलेला असतो. ते घालून पाळी सुटल्यावर गाडीवर घरी निघालात तर बाजूने बसणाऱ्या माराला आत काहीच नाही. शेत आणि गाडी दोन्ही असेल तर हेल्मेट डोक्याला, रुमाल डिक्कीत, आणि बांधावर पोचल्यावर अदलाबदल.